गोम वाकणात आहे

संडास एकदा तुंबला तर त्याला अपघात म्हणता येतं. महिन्यात तिसऱ्यांदा तुंबला की ते दुखणं झालं, आणि दुखण्याला निदान लागतं. घरोघरी मात्र निदान बाजूला राहतं आणि गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. शेवटी आत कोण गेलं होतं? ज्याच्या वेळेला पाणी वर चढलं त्याच्यावर आळ. खरा अडथळा कधीच आत जाऊन बसलेला असतो, पण त्याला विचारणार कोण!

कमोडच्या भांड्यात हलणारा एकही भाग नाही. चिनी मातीचा एक वाकवलेला बोगदा, एवढंच. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला इंग्रजी एस अक्षरासारखं वाकण दिलं आणि त्याचं पेटंट घेतलं. त्या वाकणात पाणी कायम साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटर उंचीचं, आणि तेवढ्या पाण्याने गटारातला वास घराबाहेर राहतो. आता जे वाकण वासाला अडवतं ते कंगव्यालाही अडवणार, त्याला तो भेद कसा कळावा?

त्यातही भांड्याच्या दोन जाती आहेत. एकीत पाणी नुसत्या जोराने मैला ढकलून देतं. तिचं वाकण आखूड आणि चांगलं रुंद असतं. दुसरीत वाकण लांब आणि अरुंद, जेमतेम ५ सेंटिमीटरचं. ते पाण्याने पूर्ण भरलं की ओढ तयार होते आणि सगळं खेचलं जातं. ही दुसरी जात दिसायला नेटकी, भांड्यात पाणी भरपूर, डाग कमी. पण तुंबण्याचा मान बहुतेक वेळा तिचाच. आत क्षारांचा थोडा थर साठला तरी तिची ओढ मंदावते.

पाणी काठाशी आलं की हात आपोआप पुन्हा फ्लशकडे जातो. तिथेच तो रोखायचा. टाकीचं झाकण उचलून तळाची रबरी झडप दाबून धरायची आणि टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करायचा. भांड्यातलं पाणी निम्म्यावर आणून मग प्लंजर, म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी, घ्यायचा. बेसिनचा नुसत्या वाटीसारखा प्लंजर इथे कामाचा नाही. वाटीच्या आतून खाली आणखी एक रबरी गळा निघालेला असतो तो हवा, कारण तो भोकात बसतो. रबर पाण्यात बुडालेलं पाहिजे आणि वाटी तिरकी बुडवून आतली हवा काढून टाकायला हवी. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. हवा राहिली की तुमचा सगळा जोर तिच्यातच जिरतो. पहिला दाब हळू द्यायचा, नाहीतर पहिला प्रसाद तोंडावर. मग पंधरा-वीस झटके. लोक खाली ढकलण्यात ताकद घालवतात, पण काम करतो तो वर ओढतानाचा झटका, कारण अडकलेली वस्तू आली त्या वाटेने मागे ओढणं बहुधा सोपं असतं.

प्लंजर नसेल तर भांडी घासायचा द्रव साबण अर्धा कप आणि वरून अंगाला सोसेल इतकं गरम पाणी ओतून अर्धा तास थांबावं. उकळतं पाणी नको. थंड चिनी मातीला तडा जातो, आणि भांड्याखाली मेणाची रिंग असेल तर ती वितळते.

पण हे झालं तात्पुरतं. पाणी उतरलं म्हणजे कारण गेलं असं नाही. टूथब्रश, पेन, छोटी बाटली, भांड्याच्या कडेला टांगायच्या सुगंधी वडीची प्लास्टिकची जाळी, अशी एखादी वस्तू वाकणात आडवी बसलेली असते. तिच्या बाजूने पाणी जातं, पातळ मैलाही जातो, आणि थोडा जास्त कागद आला की तो तिला गुंडाळतो. प्लंजरने कागद सुटतो, वस्तू तिथेच! म्हणून आठ दिवस बरं आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. हा नेमाने येणारा ताप दिसला की क्लोजेट ऑगर आणावा. वाकलेल्या नळीतून जाणारी, हँडलने फिरवायची ही स्प्रिंग साधारण ९० सेंटिमीटर ते १.८ मीटर लांबीची असते आणि चिनी मातीवर ओरखडे पडू नयेत म्हणून नळीच्या वाकणावर रबरी आवरण असतं. ती अडेल तिथे जोर करायचा नाही; फिरवत राहायचं आणि फिरवतच मागे घ्यायचं. साधी तार घुसवली तर भांड्यावर काळ्या रेघा उमटतात आणि त्या सहजी जात नाहीत.

वेट वाइप्सचं प्रकरण निराळं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, एका बरणीत पाणी घेऊन त्यात टॉयलेट पेपर ढवळावा, दुसरीत वाइप. कागदाचा बघता बघता लगदा होतो. वाइप तासाभरानेही वाळत घालता येईल असा राहतो. अशा वाइप्सचं आणि चरबीचं काय होतं ते लंडनने २०१७ मध्ये पाहिलं. व्हाइटचॅपल भागातल्या गटारात सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा एक तुकडा पुढे संग्रहालयात मांडला. हौस!

आता रसायनं. ड्रेन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा केस आणि चरबी विरघळवतो, पण प्लास्टिकच्या कंगव्याला त्याचं काय? वाकणात साचलेल्या पाण्यात तो खाली बसतो, तापतो, कधी दगडासारखा घट्ट होतो आणि एकाच्या जागी दोन अडथळे होतात. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याने जमलं नाही म्हणून वरून अॅसिड ओतणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे, उसळून अंगावर येतं. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. आणि काही ओतलंच असेल तर प्लंबरला आधी सांगा. त्याला डोळे दोनच आहेत.

आत काहीच अडकलेलं नसतानाही भांडं तुंबतं, तेव्हा संशय पाण्यावर घ्यायचा. भांडं रिकामं असताना बादलीतून ८-१० लिटर पाणी एका दमात ओतून पाहावं. झपकन गेलं तर वाट मोकळी आहे, दोष टाकीचा. टाकी भरली की पाणी तोडणारा बॉलकॉक खाली लावलेला असतो, रबरी झडप लवकर बंद होते, किंवा पाणी वाचवायला कुणीतरी टाकीत वीट ठेवलेली असते. टाकीतलं पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर खाली असावं. दोन बटणांच्या फ्लशमध्ये ३ लिटरचं बटण लघवीपुरतं आहे; सगळ्या कामाला तेच दाबून वाचवलेलं पाणी प्लंजर मारताना दामदुपटीने जातं. अमेरिकेत १९९४ पासून नव्या घरगुती भांड्यांना सुमारे ६ लिटरची मर्यादा आली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी पाणी कमी केलं आणि भांड्याचा आकार जुनाच ठेवला. ती भांडी तुंबण्यासाठीच नावाजली. पुढे भांडी सुधारली आणि त्यांची परीक्षाही होऊ लागली. अमेरिका-कॅनडातल्या ‘मॅप’ चाचणीत सोयाबीनच्या लगद्याच्या ५०-५० ग्रॅमच्या वळकट्या कागदासकट सोडून भांडं किती पचवतं ते मोजतात. परीक्षकांना नमस्कार.

जड पाण्याच्या भागात भांड्याच्या काठाखालची, फ्लशचं पाणी सोडणारी भोकं क्षारांनी बुजतात. आरसा धरून पाहिलं की दिसतात. टाकीतल्या उभ्या नळीतून कोमट व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवावं, सकाळी भोकं तारेने मोकळी करावीत.

फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू आली तर भांड्याला सोडून द्या. छतावरचा व्हेंट पाइप, म्हणजे गटाराच्या नळ्यांना हवा देणारा पाइप, घरट्याने किंवा पाचोळ्याने बुजला असेल, नाहीतर पुढची लाइन. अशा वेळी बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडायचं. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, कोरडं असेल तर भांडं आणि चेंबर यांच्या मधे. मधल्या पाइपला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार असला की बरं. संडासाची जागा हलवताना पाइप लांबवतात, उतार पुरत नाही, कुठेतरी पाइपला पोट पडतं आणि तिथे गाळ मुक्कामाला येतो.

दुरुस्ती झाली की दोघांनी तपासावं. एकाने कागदाचे चार-पाच तुकडे टाकून पूर्ण फ्लश करायचा, दुसऱ्याने चेंबरपाशी उभं राहून येणारे तुकडे मोजायचे. असं चार वेळा. पाणी आलं आणि कागद मागे राहिला, तर हत्यारं अजून आवरायची नाहीत.