तुम्ही विचारलंत म्हणून: मरणाचे कागद आत्ताच कशाला?

मी लिव्हिंग विल केलंय, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलंय. मावशीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, धडधाकट असताना असलं अभद्र कशाला? जीव नकोसा झालाय का? म्हणून एकदाच सांगते.

मला इंजेक्शन देऊन मारा, असं मी लिहिलेलं नाही. तो आपल्याकडे गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा उरली नाही तर व्हेंटिलेटर लावू नका, लावला असेल तर काढा, वेदना मात्र कमी करा, एवढंच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली याला मान्यता दिली. 2023 मध्ये अटी सोप्या झाल्या, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. आणि मुलांनी म्हटलं म्हणून कुणी नळी काढत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात.

अण्णा कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. आयसीयूतलं ठाऊक नाही. नळ्या उपसू नयेत म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बँडेजनं बांधले होते. मनगटं सोलवटली होती. सिस्टरच्या हातापाया पडून मी एक हात सोडवून घेतला, तर त्यांनी माझ्या तळहातावर बोटानं काहीतरी गिरवलं. मला ‘घर’ वाटलं. दादा म्हणतो ‘पाणी’. त्यावरून आम्ही आजही भांडतो. डॉक्टरांनी पुढचं काय ते विचारलं, तेव्हा दोघंही म्हणालो, सगळं करा. पैसे वाचवले म्हणतील ही भीती होती, आशाही होती. तेव्हाच्या मला दोष देणार नाही. अण्णांना काय हवं होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. विषय निघाला की आई म्हणायची, शुभ बोल.

विनोबांनी 1982 साली पवनारला अन्न आणि औषध सोडलं, त्यांना आपण हात जोडतो. घरातल्या म्हाताऱ्यानं ‘आता पुरे’ म्हटलं, की त्याला गप्प बसवतो. नेत्रदान केलं तर पुढच्या जन्मी आंधळं होतं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. आता तीच घरं नेत्रदान अभिमानानं सांगतात. हेही बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

लेकीनं मात्र विचारलं, “ऐन वेळी तुला जगावंसं वाटलं तर?” कागद कधीही रद्द करता येतो, मी म्हटलं. “घशात नळी असताना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. एक प्रत तिच्याकडे आहे, एक आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे.