पावसात पाहिल्याशिवाय सही नाही

आमच्या ऑफिसात सर्व्हेचं काम मार्चमध्ये संपलं, तरी जुलैत त्या जागेवर पुन्हा जाऊन आल्याशिवाय अंतिम नकाशावर सही होत नाही. बिल अडकतं, काम देणारे रागावतात. पण आमच्या साहेबांनी हा नियम कधी सैल केला नाही, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

त्याचं मोल मला संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत कळलं. फेब्रुवारीत रस्त्याच्या आखणीसाठी टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, लावलं होतं. करवंदीच्या जाळीखाली जमीन किंचित दबलेली होती, एवढंच. बाजूच्या घरातल्या काकी पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाय, ह्यो व्हाळ हाय. पावसात ये, मंग बघ." व्हाळ म्हणजे ओढा. जुलैत गेले तर तिथे गुडघाभर लाल पाणी धावत होतं. आम्ही आखलेला भराव तसाच पडला असता, तर ते सगळं पाणी खालच्या चार घरांच्या पडवीत शिरलं असतं. रेषा वरच्या अंगाला सरकवली, व्हाळावर मोरी दाखवली. काकींनी सांगितलेलं मी फील्डबुकात लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.

चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरानंतर तर लोकांच्या आठवणी हाच आमचा डेटा झाला. कुणी जिन्याची पायरी दाखवी, कुणी भिंतीवरचा गाळाचा पट्टा. काही घरांत २००५च्या पुराची खूणही जपलेली होती. त्या खुणेला स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली मोजपट्टी, लावायचा, जवळच्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल आणायची, की "माझ्या छातीपर्यंत पाणी होतं" या वाक्याला समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. मग नव्या घराचं जोतं किती उचलायचं ते मालकाला ठामपणे सांगता येतं. त्याच २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. तेव्हापासून डोंगरउतारावर भेग दिसली, की ती आमच्या कामात असो वा नसो, जागा नोंदवून ग्रामपंचायतीला कळवतो.

सड्यांबद्दलही, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारांबद्दलही, बोलायलाच हवं. सातबाऱ्यावर कातळ म्हणजे पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन. पण जांभ्यातून झिरपलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं, सप्टेंबरात त्याच कातळावर फुलं येतात, आणि उक्षी, बारसू, कशेळीसारख्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. म्हणून सड्याच्या नकाशात आम्ही पाणसाठे, झरे आणि कोरीव रेषा स्वतंत्र थरात दाखवतो. कागदावर नोंद नसलेल्या गोष्टीवरून जेसीबी बिनदिक्कत फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आमची पोरं. माझ्या आधीच्या नोकरीत प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारा आरसा) धरणारा मुलगा चपलांवर कातळात फिरत होता, त्याला फुरसं हा विषारी साप चावला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. लस वेळेत मिळाली, वाचला. पण दवाखान्यातल्या दिवसांची त्याची मजुरी कापली गेली. ते मला आजही सहन होत नाही. इथे गमबूट आणि काठीशिवाय कुणी गवतात उतरत नाही. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, ते निघण्याआधी फोन करून विचारायचं काम माझ्याकडे आहे. एप्रिल-मेमध्ये साडेअकरा ते साडेतीन काम बंद, मजुरी पूर्ण दिवसाची. पहाटे सहाला यंत्र लागलं की कामही होतं. उन्हात कातळावरची हवा थरथरते, तेव्हा लांबचं प्रिझम तसंही नीट दिसत नाही.

यंदाही फेब्रुवारीतल्या तीन जागा सहीसाठी थांबल्यात. पहिली देवरुखच्या बाजूला आहे. पाऊस लागला की छत्री, फील्डबुक आणि काकींसाठी चहापावडर घेऊन निघणार.