जुन्या एस्टीमचे इंजिन बदलायचे की उघडायचे: माझा अनुभव

जुन्या गाडीचे इंजिन बदलावे की आहे तेच उघडून करून घ्यावे, हा प्रश्न मिस्त्रीच्या मताचा आणि पैशांचा आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. आमच्या 2004 सालच्या मारुती एस्टीमच्या बाबतीत तो परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर सुटला, आणि ज्या रीतीने सुटला त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. 2023 मध्ये गाडी ऑइल खाऊ लागली, घाट चढताना मागे निळा धूर सोडू लागली. आमच्या मेकॅनिकने मोजक्या शब्दांत निकाल दिला: "साहेब, हे उघडत बसू नका. मुंबईहून चालू इंजिन मागवतो, आठवड्यात गाडी दारात."

त्याच्या बोलण्यावर लगेच मान डोलावण्याऐवजी मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासून घेतले. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ही तपासणी करतात. एस्टीमच्या 1298 सीसी इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 14 किलो दाब अपेक्षित असतो, 12 च्या खाली गेल्यास काम निघाले असे धरतात आणि दोन सिलिंडरांमधला फरक एका किलोहून अधिक नसावा. आमचे दोन सिलिंडर नऊच्या आसपास होते. त्यांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तपासल्यावर दाब वाढला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नसून पिस्टनवरच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या पोकळीचा, म्हणजे बोअरचा होता. ऑइल टाकूनही दाब वाढला नसता तर नुसते हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवून भागण्याची शक्यता होती आणि पुढचा सगळा प्रपंच टळला असता, म्हणून ही दुसरी तपासणी मेकॅनिक टाळत असला तरी आग्रहाने करून घ्यावी.

आता हिशेब असा होता. वापरलेले इंजिन बसवून सुमारे चाळीस हजार, तर आहे ते इंजिन पूर्ण करून घेतल्यास पंचावन्न ते साठ हजार, आणि विकायला काढली तर गाडीचीच किंमत त्याहून फार नाही. कागदावर बदलणे स्वस्त आणि झटपट दिसत होते. मात्र एस्टीमचे उत्पादन 2007 मध्ये थांबले, त्यामुळे बाजारात मिळणारे कोणतेही इंजिन पंधरा वर्षांहून जुनेच असणार आणि ते किती किलोमीटर चालले आहे हे विकणाऱ्याच्या शब्दावर मानावे लागणार, ही गोष्ट मला खुपत होती. तरीही मी बदलण्याकडेच झुकलो होतो आणि इंजिन राखून ठेवण्यासाठी व्यापाऱ्याला काही रक्कम आगाऊ दिली होती.

खरी अडचण ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, कोरलेल्या क्रमांकाची आहे. तो क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो, विम्याच्या पॉलिसीवर असतो, आणि इंजिन बदलले की दोन्हीकडे बदलावा लागतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे मालकाने बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत कार्यालयाला कळवून प्रमाणपत्र नोंदीसाठी सादर करायचे असते. त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, तेवढ्याच सीसीचे इंजिन बसवायचे असल्याने ही नोंद केवळ औपचारिक असेल असे मी गृहीत धरले होते.

आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात पहिल्या दिवशी सांगण्यात आले की आधी परवानगीचा अर्ज करा आणि त्याला नव्या इंजिनाचे बिल जोडा. व्यापारी म्हणाला की पूर्ण रक्कम दिल्याशिवाय क्रमांकासह बिल मिळणार नाही आणि एकदा बिल झाल्यावर माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे परवानगी मिळेल की नाही हे कळण्यासाठी इंजिन आधी विकत घ्यायचे. हे खिडकीवरच्या लिपिकाला समजावून सांगितले, तेव्हा त्याने शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवले, आणि त्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "इंजिन बसवून गाडी घेऊन या, निरीक्षक बघतील, मग ठरवू." मंजुरीशिवाय बसवलेल्या इंजिनाची गाडी मंजुरीसाठी रस्त्यावरून चालवत आणायची, ही सूचना देताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पुढच्या खेपेला मी बिलाचा मसुदा घेऊन गेलो, तर मागणी निघाली ती इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या नोंदणी रद्द झाल्याच्या दाखल्याची. गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत कळवून प्रमाणपत्र परत करावे, असे कलम 55 सांगते. चोरीच्या गाड्या सुट्या करून त्यांची इंजिने विकली जातात, तेव्हा ही मागणी गैर आहे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की ती पहिल्याच दिवशी सांगता आली असती. व्यापाऱ्याने मोबाइलवर परराज्यातल्या एका गाडीच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, ज्यात इंजिन क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे अंगठ्याखाली झाकलेले होते. तो दाखवल्यावर त्या परराज्यातील कार्यालयाचे पत्र मागण्यात आले. त्यानंतर गाडी चोरीची नसल्याचा पोलिसांकडील अहवाल मागितला. लागणाऱ्या कागदांची यादी लेखी द्यावी अशी विनंती मी केली, तेव्हा "तशी यादी नसते, प्रकरण पाहून सांगतो" असे उत्तर मिळाले. अर्ज नामंजूर झाला असता तर निदान कारण लिहून मिळाले असते. इथे अर्ज घेतलाच जात नव्हता.

फाटकाबाहेरच्या एजंटाने तोडगा सुचवला. नव्या इंजिनावरचा क्रमांक घासून त्यावर आमचा जुना क्रमांक पंच करून देतो, कुणालाही कळणार नाही, असे तो चहा पिता पिता सांगत होता. हा सरळसरळ गुन्हा आहे. त्यात आमच्या गाडीची नोंदणी 2019 मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली असल्याने 2024 मध्ये ती पुन्हा निरीक्षकासमोर उभी राहणार होती. तेथे चेसिस आणि इंजिन दोन्ही क्रमांक पडताळले जातात. या पुनर्नोंदणीचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले होते; असे शुल्कही हिशेबात धरायला विसरू नये. इंजिनाची नोंद अर्धवट राहिली असती तर पुनर्नोंदणीही अडली असती.

त्या दिवशी घरी येताना मी इंजिन बदलण्याचा विचार सोडला. ब्लॉक तोच राहिला तर क्रमांकही तोच राहतो, आणि मग कुणाची परवानगी लागत नाही.

पुढचे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, कारण ते नीट झाले. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजले. अपेक्षेप्रमाणे झीज वरच्या रिंगेच्या पट्ट्यात सर्वाधिक होती, तरी बोअर वाढवून 0.50 मिलिमीटर मोठ्या पिस्टनांत काम बसले. क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करावा लागला नाही, हेडचे फेसिंग करून त्याचा तळ सपाट करून घेतला, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवे टाकले. खर्च अंदाजाच्या वरच्या टोकाला गेला. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नये, कारण प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर ठेवायचा असतो. बोअर आधी झाला आणि त्या मापाचे पिस्टन मिळाले नाहीत तर ब्लॉक पडून राहतो.

आणखी एक राहिले. ब्लॉक लेथवर पाठवण्यापूर्वी क्रमांकाची जागा पुसून स्पष्ट फोटो काढावा आणि कामाच्या बिलावर तो क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे परत येणारा ब्लॉक आपलाच आहे याची खात्री राहते. तरीही कुणाला इंजिन बदलायचेच असेल, तर गाडीवर कर्ज आहे का हे आधी पाहावे, कारण तसे असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्रही लागते. इंजिन निघालेल्या गाडीच्या रद्द नोंदणीचा पूर्ण वाचता येणारा दाखला हातात पडेपर्यंत व्यापाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. माझी आगाऊ रक्कम अजून मुंबईतच आहे, आणि फोन केला की तो मला दुसरे इंजिन दाखवतो.