घर एडमंटनला, प्लॅन कोथरूडला

३१ वर्षं मी पुण्यात साइटवर काढली. पायाचा हिशोब डोक्यात पक्का होता: मुरूम किंवा काळा पाषाण लागेपर्यंत खणायचं. मुलीने कॅनडात एडमंटनला प्लॉट घेतला आणि म्हणाली, "बाबा, आर्किटेक्टचा प्लॅन तुमच्या नजरेखालून जाऊ दे." सकाळी साडेसातला मी प्रिंट पसरून बसायचो, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असायचे.

तिथे जमीन वरून खाली गोठत जाते. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, शिवाय गोठणारी माती खालचं पाणी वर ओढून घेते. बर्फाचे थर साचतात आणि पाया अक्षरशः उचलला जातो. घराला तळघर होतं, त्यामुळे तिथला पाया खोलच होता. पण दारासमोरच्या पडवीचे खांब वरच्यावर पुरलेले दाखवले होते. घर जागेवर आणि पडवी वर, असं झालं असतं. ते खांब गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायला लावले.

खिडक्यांवरून आमचा बराच वाद झाला. दुपारचं ऊन टाळायचं ही माझी सवय. पण डिसेंबरात एडमंटनचा सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असतो. पुण्यात तेव्हा तो ४८ अंशांवर असतो. तेवढं ऊन सोडून कसं चालेल? मोठ्या खिडक्या दक्षिणेला घेतल्या, तीन काचांच्या. उत्तरेला फक्त बेताच्या.

मला सगळ्यात जड गेली ती भिंत. तिथे लाकडी चौकटीत लोकरीसारखं इन्सुलेशन भरतात आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद लावतात, तोही घराच्या आतल्या बाजूने. मी म्हटलं, वॉटरप्रूफिंग बाहेरून हवं, पाऊस बाहेर पडतो! ती म्हणाली, "बाबा, फ्रिजमधल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं." स्वयंपाक, अंघोळ, आपला श्वास, या सगळ्याची वाफ उबदार हवेबरोबर भिंतीत शिरली, तर ती बाहेरच्या गार फळीवर पाणी होऊन बसते. लाकूड आतून कुजतं आणि कित्येक वर्षं कळत नाही. म्हणून ती वाफ आतच अडवायची. पावसासाठी बाहेरून वेगळा पडदा असतोच, पण तो वाफ बाहेर सोडणारा.

त्या प्लॅस्टिकला भोक राहिलं की सगळंच वाया. म्हणून आतले बोर्ड ठोकण्याआधी चाचणी घ्यायची, यावर मी अडून बसलो. ठेकेदाराला ती घर पूर्ण झाल्यावर उरकायची होती. दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात, आतबाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवतात, एकूण किती हवा शिरते ते मोजतात आणि कुठून शिरते ते शोधतात. मुलगी उदबत्ती घेऊन भिंतीलगत फिरत होती, मी फोनवर बघत होतो. सगळीकडे धूर सरळ चढत होता. देवघरासाठी ठेवलेल्या कोनाड्यापाशी, स्विचच्या डबीजवळ, तो एकदम खोलीच्या दिशेने आडवा झाला. वायरीसाठी पाडलेलं बोटभर भोक तसंच राहिलं होतं. त्या मजल्यावर अशा ११ जागा निघाल्या. सगळ्या सीलंट भरून, टेप लावून बंद करून घेतल्या आणि पुन्हा पंखा लावायला सांगितला.

एवढं बंद घर म्हटल्यावर माझ्या बायकोला काळजी वाटली, पोरं श्वास कसा घेणार? त्यासाठी वेगळं यंत्र आहे. ते शिळी हवा बाहेर टाकतं आणि जाता जाता तिची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देतं. हवा मिसळत नाही, फक्त ऊब इकडून तिकडे जाते.

पहिल्या जानेवारीत उणे ३० झालं. मुलीने फोन खिडकीपाशी नेला. काच कोरडी होती, खालच्या कोपऱ्यात मात्र बोटभर दव धरलं होतं. घरातला दमटपणा ४० टक्के दाखवत होता, त्या थंडीला जास्तच. तो ३० वर आणायला सांगितला, आणि कुकर लावायच्या आधी चिमणी सुरू करायलाही.