मंदीत झाडं छाटायचा धंदा सुरू केला, त्याचा अनुभव

नोकरी गेली तेव्हा माझ्याकडे होतं काय, तर एक जुना चेनसॉ, आणि दुसऱ्याच्या टीममध्ये चार वर्षं झाडांवर चढल्याची सवय. म्हटलं आता स्वतःचंच बघू. घरचे म्हणाले, लोक सगळीकडे हात आखडता घेतायत, झाडासाठी कोण पैसे काढणार? आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने माझ्याकडेपण ह्याचं उत्तर नव्हतं.

पहिला मोह मशीनचा. फांद्यांचा भुगा करणारा चिपर मला घ्यायचाच होता, कर्जाचे कागदसुद्धा भरायला घेतले होते. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या दादांना सहज फोन केला तर ते म्हणाले, "आधी मशीनला पुरेल एवढं काम येऊ दे, हप्ता काय पाऊस बघून थांबत नाही." थांबलो. लागेल तेव्हा भाड्याने आणायचा ठरवलं, आणि हातातले पैसे हेल्मेट, हार्नेस, दोर आणि पायाला घालायची चेनसॉची चॅप्स ह्यात घातले, सगळं नवं. चेनसॉ जुना चालतो हो, कानसीने धार लावा, साखळीचा ताण बघा, काम होतं. पण जुना दोर नको, तो आधी किती वजनाचे झटके खाऊन आलाय हे बाहेरून कळत नाही. मग इन्शुरन्स. वाटलं होतं त्यापेक्षा खूप वेळ खाल्ला त्याने, पण एका ऑफिसच्या आवारातलं काम केवळ तो कागद दाखवता आला म्हणून मिळालं.

आता खरी फजिती. पहिलं मोठं कोटेशन मी झाडाकडे बघून दिलं, म्हणजे चढायचं किती, कापायचं किती, किती तास. एका सकाळीत कापून झालं, एकदम खूश होतो. खाली उतरून बघतो तर फांद्यांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर! तो ओढायचा, लहान करायचा, गाडीत भरायचा, गाडी एका खेपेत भागत नाही म्हणून पुन्हा यायचं, आणि मग अंगण झाडून द्यायचं, असे दीड दिवस गेले आणि कोटेशनमध्ये ह्यातलं काहीच धरलेलं नव्हतं. सोबतच्या मुलाची मजुरी दिली, गाडीभाडं दिलं, माझ्या हातात काही नाही. तेव्हापासून मी आधी बघतो गाडी कुठपर्यंत जाते, फांद्या कुठल्या वाटेने बाहेर काढायच्या, आणि माल तिथेच ठेवायचा की न्यायचा. भुगा गिऱ्हाईकाला चालत असेल तर तिथेच झाडाच्या बुडाशी दोन ते चार इंच पसरून देतो, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही, नाहीतर साल ओली राहून कुजते. खेप वाचते आणि जमिनीत ओल टिकते.

लोकांच्या मागण्यांबद्दल तर काय सांगू. निम्म्या लोकांना शेंडा उडवूनच हवा असतो, "वरून अर्धं कापा, दोन-तीन वर्षं बघायला नको." आणि हे करून द्यायला माझ्यापेक्षा कमी पैशात माणूस तयार असतो. पण झाडाचं डोकं असं उडवलं की ते उपाशी पडल्यासारखं होतं, कापलेल्या जागी पानसोटांचा, म्हणजे सरळ उभ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुबका फुटतो, ते भराभर वाढतात, जोड कच्चा असतो, आणि मोठे झाले की वाऱ्यात तेच तुटतात. शेंडा उडवून घेणारे लोक डोकेदुखी पुढे ढकलण्याचे पैसे देत असतात आणि ती आणखी मोठी होऊन परत येते. मी एका वर्षात हिरव्या पानोऱ्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग काढत नाही, जुन्या झाडाचा तर अजून कमी. ह्यावरून कामं गेली. महिन्याअखेरीला खिसा रिकामा असताना नाही म्हणणं लय जड जातं, एकदा तर घरी येऊन बायकोला सांगितलंच नाही.

ॲलेक्स शिगो नावाचे अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी कितीतरी झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते बघितलं, 1977 साली त्यावर त्यांचं काम छापून आलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं. म्हणून फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगवट्याच्या जरा बाहेर कापायचं, खोडालगत सपाट नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर आधी थोडी पुढे खालून काप, मग त्याच्या पुढे वरून, वजन गेलं की शेवटचा काप, म्हणजे साल खाली सोलत जात नाही. कापावर रंग किंवा डांबर फासायचा हट्ट बरेच जण धरतात, त्याने कूज थांबत नाही हे समजावताना माझा एकेक तास गेलाय.

मग धंदा टिकला कशाने? एका काकांकडे आठ-दहा झाडं होती आणि बजेट अगदीच थोडं. मी कंटाळून कागदावर तीन भाग केले: छपरावर लोंबणारी वाळकी फांदी आणि खोडाला भेग गेलेलं एक झाड आत्ताच करायचं, दोन झाडांची छाटणी पुढच्या वर्षी, आणि बाकीचं नाही केलं तरी चालेल. काका कागदाकडे बघतच राहिले, म्हणाले आजपर्यंत आलेला प्रत्येक माणूस सगळंच आजच करा म्हणत होता. त्यांनी पहिला भाग केला आणि शेजारी दोघांना माझा नंबर दिला. त्यानंतर मी प्रत्येकाला तसाच कागद देतो. पैसे जपून खर्च करायची वेळ आली की माणसाला काय थांबू शकतं हे ऐकायला आवडतं, आणि जे थांबू शकत नाही त्याचे पैसे मग तो कुरकूर न करता देतो. पाहणीचे मात्र वेगळे पैसे घ्यायला लागलो, आधी लाजायचो. मोठ्या कामाला ॲडव्हान्स घेतो. विजेच्या तारेजवळची फांदी असेल तर वीजवाल्यांनी लाईन बंद केल्याशिवाय हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

चिपर अजून भाड्याचाच आहे. वादळानंतरचे पंधरा दिवस फोन थांबत नाही, आणि मग महिनाभर नुसती साखळी घासत बसायचं, ह्याची सवय अजून झालेली नाही.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. गेलो तर तोच कागद, घड्या पडून फाटायला आलेला, दुसऱ्या भागापुढे पेनने टिक केलेली. म्हणाले, "ह्या तिसऱ्याचं बघा आता." वर चढलो, जोड बघितले, खोडावर हातोडीने ठोकून आवाज ऐकला, बुडाशी कुठे अळंबी आलीये का पाहिलं. उतरून म्हटलं, काका, अजून काही नाही, राहू द्या. पाहणीचे पैसे घेतले आणि निघालो.