उन्हाळी कोर्स लावू की नको? माझा अनुभव

जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. आयआयटीत एम.एस्सी. गणिताला नंबर लागेल असे गुण होते. गावात पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात मला भीती वाटायला लागली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीने ये-जा करून मी बी.एस्सी. केलेली. आयआयटीत दिल्ली-पुण्याची मुलं असणार. मैत्रिणीने पुण्यातल्या एका क्लासची माहिती पाठवली: मे-जूनमध्ये सहा आठवडे, फी 18,000, खोली-मेस वेगळी.

बाबा तेव्हा पऱ्हाट्या उपटून वावर तयार करत होते. म्हणाले, "लागत असन तं जाय. बियाण्याचं मी पाहतो." कसं पाहणार, ते मला माहीत होतं. कृषी केंद्रातून उधारीवर. म्हणून 'बाकीचे करतात' एवढ्यावर पैसे मागायला मन होईना.

कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, आधी तुला काय येत नाही ते बघ. बोल्झानो-वायरस्ट्रासचं प्रमेय सिद्धतेसकट पुस्तक मिटून लिही. प्रत्येक बाउंडेड सिक्वेन्सला कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स असते, म्हणजे मर्यादेत राहणाऱ्या संख्यांच्या अनंत रांगेतून एकाच संख्येच्या जवळ जवळ जाणारी रांग निवडता येते, हे विधान मी लगेच लिहिलं. पुढे सिद्धतेला पेन हलेना. लाइन दोनदा गेली, कूलर बंद पडला, दुपार गेली, कागद तसाच. जॅममध्ये पर्याय निवडायचे किंवा आकडा भरायचा असतो, सिद्धता लिहावी लागत नाही. बी.एस्सी.त ती मी पाठ केली होती, ती कधीच उडून गेली होती.

मग क्लासला फोन लावून एकच विचारलं: आम्ही लिहिलेल्या सिद्धता कोणी तपासणार का? "नोट्स मिळतील," म्हणाले. मी नाव घातलं नाही.

मला हवं होतं ते एमटीटीएस या गणिताच्या शिबिरात मिळालं असतं. 1993 पासून चालणारं, चार आठवड्यांचं, उन्हाळ्यातलं, निवड झाली की राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. माझी अर्जाची मुदत उलटून गेली होती. याची हळहळ अजून आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून अर्ज करता येतो, आपल्याकडच्या मुलांनी तेव्हाच करावा.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे परीक्षेचे कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, पण रिअल ॲनालिसिसची (हे प्रमेय ज्यात येतं तो विषय) जुनी व्याख्यानं फुकट खुली असतात. पहाटे नेटवर्क बरं असताना एक बघायचं, सिद्धता वहीत स्वतः लिहायची, फोटो सरांना. बहुतेक वेळा त्यांचं उत्तर दोन शब्दांचं यायचं: "हे का?" बोल्झानो-वायरस्ट्रासच्या सिद्धतेत, अंतराल निम्मं करत गेलं की शेवटी एक बिंदू उरतो, असं मी लिहिलं होतं. हे का? त्यावर चार दिवस गेले. परिमेय संख्यांमध्ये तो बिंदू नसूही शकतो, वास्तव संख्यांच्या पूर्णतेमुळेच, म्हणजे त्यांच्यात कुठेही फट नसल्यामुळेच, तो असतो, हे तेव्हा कळलं.

मृगाचा पाऊस आला. दिवसभर आईसोबत सरकी टोबली आणि रात्री ती सिद्धता पुस्तक न उघडता लिहून पाठवली. सरांनी काही विचारलं नाही. पुढचं प्रमेय पाठवलं, हाइने-बोरेल.