सूप

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, रात्र.

आज धूमावती देवीची जयंती. आमच्या गावात हे कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. सासूबाई दिवसभर ओसरीत सोयाबीन पाखडत होत्या. घरचंच बियाणं. गेल्या आठवड्यात त्यांनी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, त्यातले 78 उगवले. 70 च्या वर उगवले की पेरायला चालतं. तरी फुटका, सालपट निघालेला दाणा त्या वेचतच होत्या. सोयाबीनचं साल नाजूक, म्हणून सूपही अलगद हलवतात. दाणा उडतो तो बोटभरच.

पाहता पाहता दतिया आठवलं.

झाशीजवळचं, मध्य प्रदेशातलं गाव. तिथलं पीतांबरा पीठ बगलामुखी देवीचं, पण त्याच आवारात धूमावतीचं देऊळ आहे. दहा महाविद्यांतली, म्हणजे देवीच्या दहा रूपांतली, ही सातवी. भुकेनं कासावीस होऊन सतीनं शंकरालाच गिळलं, तिच्या अंगातून धूर निघाला आणि ती विधवा झाली, अशी कथा. मळकं वस्त्र, मोकळे केस, विरळ दात, भुकेतहानेनं पिडलेली. रथावर कावळ्याचा ध्वज. आणि हातात सूप. शनिवारी दर्शन, नैवेद्य भजी-कचोरीचा. सवाष्णीनं तिचं दर्शन घेऊ नये अशी रीत. म्हणून मी बाहेर थांबले, सासूबाई एकट्या आत गेल्या.

मामंजी गेल्यापासून मी याच्या उलटं पाहत आले होते. हळदीकुंकू असो की कोणाची ओटी, त्या आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. देवळातून आल्या तेव्हा डोळे भरलेले. एवढंच म्हणाल्या, "सूप आहे वं तिच्या हाती. आपल्यासारखंच."

लोक तिला उग्र म्हणतात, अमंगळ म्हणतात. मला तिची भीती वाटत नाही. फोल उडवून दाणा राखते ती, तिला अमंगळ कोणत्या तोंडानं म्हणायचं?

गेल्या वर्षी पेरणीच्या तिफणीला हळदकुंकू मी वाहिलं, चाड्यावर, बी सोडायच्या तोंडावर, पहिली मूठ मी धरली. बी निवडलं त्यांनी, आणि त्या उभ्या होत्या दूर धुऱ्यावर, बाभळीखाली. आज जेवताना मी म्हटलं, आई, यंदा पहिली मूठ तुमची.

"मले कायले वं? लोक काय म्हणतीन?"

मी पुढं बोलले नाही. भांडी घासून आले तर त्या पुन्हा ओसरीत, सुपापाशी. निवडलेल्या बियाण्यातून मूठभर दाणे काढून पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या.